जुन्या खोक्यातली अंडी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंच्या घरात चार माणसं: त्या स्वतः, नवरा, सोळा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. स्वयंपाक आणि महिन्याचा बाजार ताईंकडे. सहा वर्षांपूर्वी मुलीने पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्यांचा व्हिडिओ पाहिला आणि ती रात्रभर रडली. मग घराने मिळून ठरवलं की अंडी मोकळ्या कोंबड्यांचीच आणायची, भाजी सेंद्रियच घ्यायची, कॉफी आणि चॉकलेट रास्त व्यापाराचा शिक्का असलेलंच आणायचं. मुलीने तशी यादी करून फ्रिजवर चिकटवली. ती अजून तिथेच आहे. मधल्या काळात खाण्यापिण्याचा खर्च भलताच वाढला, नवऱ्याचा ओव्हरटाइम बंद झाला आणि महिन्याची तोंडमिळवणी होईनाशी झाली. डॉक्टरांनी सासूबाईंना प्रथिनं वाढवायला सांगितल्यामुळे त्यांची अंडी कमी करता येत नाहीत. गेले चार महिने ताई पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची स्वस्त अंडी आणतात आणि मुलगी घरी यायच्या आत ती जुन्या, ‘मोकळी कोंबडी’ छापलेल्या खोक्यात भरून ठेवतात. “पहिल्यांदा आणली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं,” असं त्या लिहितात. दीर म्हणाले, नीतिमत्ता हे भरल्या पोटाचे चोचले. परवा मुलगी फोनवर मैत्रिणीला ऐटीत सांगत होती, “आमच्याकडे पिंजऱ्यातलं काही येत नाही.” ताई ओट्याशी उभ्या होत्या. “मला मान वर करता आली नाही. मी तत्त्वं विकली का? की तत्त्वं मुळातच परवडणाऱ्यांसाठी असतात?”

ताई,

पत्र वाचल्यापासून तो खोका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चार महिने एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात अंडी भरायची म्हणजे त्याचे कोपरे मऊ पडले असणार, झाकणाची खाच नीट बसत नसणार, एखाद्या खळग्यात फुटक्या अंड्याचा पिवळा डाग वाळून गेला असणार. मुलगी सोळा वर्षांची आहे आणि फ्रिज दिवसातून दहा वेळा उघडते. तिला अजून काही कळलेलं नाही याची तुम्हाला जेवढी खात्री आहे तेवढी मला नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही स्वस्त अंडी आणता आणि तुम्ही ती लपवता, या दोन गोष्टी तुम्ही एकातच गुंडाळल्या आहेत. पत्रभर माफी मागता ती पहिलीची. दुसरी एका वाक्यात उरकता. पण मान खाली गेली ती केव्हा? दुकानात अंडी उचलताना गेली नव्हती, तेव्हा तर सुटल्यासारखं वाटलं होतं. ती गेली ओट्याशी, लेकीचा अभिमान कानावर पडला तेव्हा. तुम्हाला टोचतंय ते अंडं कमी आणि खोका जास्त, असं मला वाटतं. आणि खोक्याचा इलाज फुकटात होण्यासारखा आहे.

आता अंड्यांकडे येऊ. तुमच्या यादीच्या मुळाशी एक समजूत आहे. ती तुमची एकटीची नाही, दुकानाच्या फळ्यांवरही मालाची मांडणी तशीच असते. खालच्या फळीवर स्वस्त ते पापाचं, डोळ्यांसमोरच्या फळीवर महाग ते पुण्याचं. म्हणून पैसे कमी पडले की पुण्यही कमी पडल्यासारखं वाटतं. या समजुतीची जरा झडती घ्यायला हवी.

फ्रिजवरच्या यादीतल्या तीन ओळी म्हणजे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. मोकळी कोंबडी हा प्राण्याच्या हालांचा प्रश्न, रास्त व्यापार हा शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या पोटाचा, सेंद्रिय हा माती, पाणी आणि फवारणीचा. तिन्ही एका टोपलीत आले म्हणून एकाच दिशेला चालतात असं नाही. सेंद्रियच्या शिक्क्यामागे रासायनिक खतं आणि औषधांवरची बंधनं असतात. भाजी खुडणाऱ्या बाईच्या हातात किती मजुरी पडली, हे तो शिक्का सहसा सांगत नाही. शिवाय सेंद्रिय शेतीत एकरी उतारा सरासरीने कमी पडतो, म्हणजे तेवढ्याच अन्नासाठी जमीन जास्त लागते. एका वहीत जमा ते दुसऱ्या वहीत खर्च.

ज्यावरून हे सगळं सुरू झालं ती कोंबडीच घ्या. साध्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला कित्येक ठिकाणी एका ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरणं, माती उकरणं, अंग घोळवणं, यातलं काहीच तिला जमत नाही. मोकळ्या कोंबडीला ते करता येतं. हा फरक खरा आहे, तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण अंडी देणाऱ्या जातीचं नर पिल्लू अंडं देत नाही आणि मांसासाठी पुरेसं भराभर वाढतही नाही. म्हणून उबवणी केंद्रात ते जन्मल्या दिवशीच मारलं जातं. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यासुद्धा बहुतेक अशाच केंद्रांतून आलेल्या असतात. जर्मनीने २०२२ पासून ही पद्धत कायद्याने बंद केली. तिथे आता पिल्लू अंड्यात असतानाच नर-मादी ओळखतात किंवा नरही वाढवतात. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी मात्र जुनंच चालू आहे. तुमच्या खोक्यावर गवतात चरणारी कोंबडी छापलेली आहे. तिचा भाऊ त्या चित्रात नाही.

हे सांगून मला तुमच्या डोक्यावर आणखी एक धोंडा ठेवायचा नाही. ज्या रेषेखाली उतरल्याची तुम्हाला लाज वाटते, ती रेष तुम्ही समजता तेवढी स्वच्छ कधीच नव्हती, एवढंच ध्यानात घ्या. तुम्ही शुद्धतेवरून घसरला नाहीत. एका तडजोडीवरून दुसऱ्या तडजोडीवर आलात. दुसरी पहिलीपेक्षा वाईट आहे, हे मान्य. पण ‘तत्त्वं विकली’ हा शब्द त्याला फार मोठा होतो.

कॉफी-चॉकलेटच्या शिक्क्याचंही आतलं गणित पाहण्यासारखं आहे. फेअरट्रेडच्या, म्हणजे रास्त व्यापाराच्या, पद्धतीत बहुतेक मालाला किमान भाव ठरलेला असतो. बाजारभाव त्याखाली गेला तरी उत्पादकांच्या संघाला किमान भाव मिळतो आणि बाजारभाव वर असला की बाजारभाव मिळतो. शिवाय वर थोडा निधी मिळतो, तो कसा वापरायचा ते संघ ठरवतो. म्हणजे भाव पडलेले असतात तेव्हा या छत्रीचा खरा उपयोग. आयव्हरी कोस्ट आणि घानामध्ये कोकोचं पीक बसल्यामुळे २०२४ मध्ये कोकोचे भाव विक्रमी चढले. अशा काळात किमान भावाची छत्री मिटलेलीच असते, वरचा निधी तेवढा चालू राहतो. चॉकलेट कमी खाऊन तेवढंच शिक्क्याचं घेतलंत तर उत्तम. पण या महागाईत शिक्का सुटला म्हणून तुम्ही कुणा शेतकऱ्याच्या ताटात हात घातला, असा निवाडा करता येत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. खाण्यातल्या नीतीची सर्वांत वजनदार कामं महाग नसतात, उलट बहुतेक वेळा स्वस्तच असतात. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांची माहिती गोळा करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या मांसातून १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर हवेत सरासरी ५० किलोच्या आसपास कर्बवायूच्या तोडीचे तापमान वाढवणारे वायू जातात. अंड्यांतून तेवढीच प्रथिनं घेतली तर साधारण चार किलो आणि वाटाण्यातून घेतली तर अर्धा किलोही नाही. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा मात्र शेकडा सहाच्या आसपास निघाला. वाटाणा, घेवडा, मसूर, हरभरा ही जगाच्या पाठीवर कुठेही गरिबाची प्रथिनं. त्यांना कसलाही शिक्का लागत नाही, त्यांच्यासाठी कुणाला पिंजऱ्यात बसावं लागत नाही, आणि त्यांच्या पाकिटावर पुण्याचं चित्र छापून जादा पैसे सहसा कोणी मागत नाही.

इथेही गोम आहेच. हवामानाचा विचार करून एखाद्याने गुरांचं मांस सोडलं आणि कोंबडी धरली, तर हवा सुधारते पण मरणाऱ्या जिवांची संख्या वाढते, कारण एका गुराच्या मांसाएवढ्या मांसासाठी पुष्कळ कोंबड्या लागतात. आणि पिंजऱ्यातली कोंबडी कमी हलते म्हणून एका अंड्यामागे तिला दाणा सहसा कमीच लागतो. हवेच्या वहीत तीच जरा स्वस्त पडते. म्हणून म्हणते, सगळ्या वह्या एकदम जुळवायला बसलं की माणूस रडकुंडीला येतं. कडधान्यांचं बरं असं की त्यांच्यापाशी या बहुतेक वह्या एकमेकींशी भांडत नाहीत.

दुसरं स्वस्त काम म्हणजे न टाकणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. आणि त्यातलं शेकडा ६० घराघरांतून गेलं, हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे. माझीच फजिती सांगते. एके काळी मी फार उत्साहाने सेंद्रिय पालेभाजीच्या जुड्या आणायचे. आठवड्याच्या शेवटी फ्रिजच्या तळच्या कप्प्यात हात घातला की बोटांना काळपट हिरवा चिखल लागायचा. जुडीचं रबर तेवढं शाबूत असायचं. अमुक औषध मारलं नाही म्हणून दुप्पट पैसे मोजलेली ती भाजी मी पिशवीत गुंडाळून, कोणी पाहत नाही ना बघत, कचऱ्यात टाकायचे. लपवाछपवीत तुम्ही एकट्या नाही हो.

आता तुमच्या दिरांचं वाक्य. ‘भरल्या पोटाचे चोचले.’ यात एक कण खरा आहे आणि बाकी आळस आहे. खरा कण असा. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं की घर जेवढं गरीब तेवढा त्याच्या मिळकतीतला मोठा वाटा अन्नावर जातो. त्यामुळे अन्न महागलं की तोच घाव गरिबाला खोल लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या हिशेबानुसार २०२२ मध्ये जगातल्या २८० कोटींहून जास्त माणसांना सकस आहारच परवडत नव्हता. त्यांना अंड्याच्या खोक्यावरून कोणी प्रवचन देऊ नये. पण यावरून ‘गरिबाला नीती नसते’ असं निघत नाही. या जगात सर्वांत कमी मांस खाणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात. त्यांच्या हातून घडतं ते नाइलाजाने घडतं म्हणून आपण त्याला नीती म्हणत नाही, आणि आपण शिक्का लावून तेच विकत घेतो त्याला म्हणतो.

दिरांना आणखी एक गोष्ट सांगा. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करायचा प्रस्ताव फेटाळला. तेव्हा लोकांनी गुलामांच्या घामाची साखर खाणं सोडलं. थॉमस क्लार्कसन या चळवळीतल्या कार्यकर्त्याचा अंदाज होता की अशी तीन लाख माणसं होती. त्यात घरचा चहा करणाऱ्या बायका आघाडीवर होत्या. काहींनी दुसऱ्या ठिकाणची साखर घेतली, पण पुष्कळांनी नुसती सोडली. सोडायला पैसे लागत नाहीत. अर्थात तेवढ्याने गुलामगिरी गेली नाही. सह्यांचे अर्ज, सभा, संसदेतली झुंज आणि गुलामांचे स्वतःचे उठाव, हे सगळं लागलं. व्यापार १८०७ मध्ये बंद झाला आणि गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. पण भरल्या पोटाचे चोचले म्हणून जर सगळे गप्प बसले असते, तर अर्जांवर सह्या कोणी केल्या असत्या?

महागाईबद्दल थोडंच बोलते, कारण तुम्ही ‘मी कुठेतरी हिशेबात चुकते आहे’ असं लिहिलं आहे. तुम्ही चुकत नाही आहात. युक्रेनमधल्या युद्धाने धान्य, तेल आणि नैसर्गिक वायू एकदम महागले. नत्रखत त्या वायूपासूनच बनतं, त्यामुळे खतंही महागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा जागतिक अन्नभावाचा निर्देशांक मार्च २०२२ मध्ये विक्रमी उंचीवर गेला. पुढे तो उतरला, बातम्यांत ‘महागाई घटली’ असं आलं, आणि तुमची पिशवी मात्र हलकी होईना. कारण महागाईचा दर घटला म्हणजे भाव चढायचा वेग घटला. दुकानातले चढलेले भाव वरच राहिले. पगार तिथपर्यंत पोचेस्तोवर मधली फट कोणी तरी भरायची असते.

आणि ती तुमच्या घरात कोण भरतंय? पत्राच्या शेवटच्या पानावर एक ओळ आहे. मी ती गोषवाऱ्यात घेतली नाही, कारण तुम्ही ती जाता जाता लिहिली होती: “मी अंडं सोडलंय, दुपारी माझं कशावरही भागतं.” ताई, ‘कशावरही’ म्हणजे नेमकं कशावर? मुलीची शाळा, नवऱ्याचं काम, सासूबाईंचं पथ्य, सगळ्यांचा हिशेब तुमच्याकडे आहे. दुपारच्या तुमच्या ताटाचा हिशेब कुठे आहे? तत्त्वांची यादी चार माणसांनी केली आणि महागाई आली तेव्हा तिचं बिल एका बाईच्या पोटातून भागवलं जातंय. कोंबडी मोकळी राहावी म्हणून घरची बाई अर्धपोटी राहणार असेल, तर ती यादी मला नैतिक वाटत नाही. तुमच्या मुलीलाही वाटणार नाही. तिला कोणी विचारलंय का?

तुमच्यापुढे तसे मार्ग बरेच आहेत. जसं चाललंय तसं चालवायचं, हा एक. त्यात पैसे वाचतात. पण ज्या दिवशी मुलीला कळेल त्या दिवशी ती अंड्यांवर रागावणार नाही. ‘आईने मला चार महिने खुळ्यात काढलं’ यावर रागावेल, आणि तो राग रास्त असेल. दुसरा मार्ग, पोटाला आणखी चिमटा काढून जुनी यादी जशीच्या तशी पाळायची. तो मी वरच बाद केला. तिसरा दिरांचा, सगळंच सोडून द्यायचं. तो सोपा आहे, पण जी बाई अंडी लपवण्याच्या लाजेने पत्र लिहिते तिला तो झेपणार नाही. दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा लेबलं वाचायला लागाल. राहिला चौथा मार्ग. फ्रिजवरची यादी उतरवायची आणि या घटकेच्या मिळकतीवर नवी लिहायची.

ती कशी लिहावी याबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. या तीन-चार प्रश्नांपैकी तुमच्या घराच्या काळजाला कोणता लागतो ते आधी ठरवा. तुमच्याकडे तो कोंबडीचा आहे, हे उघड दिसतंय. मग जादा पैसे फक्त तिथे खर्च करा. सेंद्रियचा आग्रह मी सर्वांत आधी सोडेन. साधी भाजी स्वच्छ धुऊन, भरपूर खाल्लेली, ही थोड्याशा सेंद्रिय भाजीपेक्षा तुमच्या घराला जास्त मानवेल. हंगामाची घ्या, नाहीतर गोठवलेली घ्या. गोठवलेल्या भाजीला कमी लेखायचं काहीच कारण नाही, लागेल तेवढी काढता येते आणि चिखल होत नाही. कॉफीचे कप मोजा, शिक्का नंतर बघू.

अंड्यांचं गणित मात्र कागदावर मांडा. आठवड्याला घरात किती अंडी लागतात आणि त्यातली सासूबाईंच्या पोटात किती जातात? माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त बाकीच्यांच्या नाश्त्यात, केकमध्ये, ‘आज काही सुचत नाही’च्या रात्री संपत असतील. बाकीच्यांनी त्या जागी कडधान्यं घेतली आणि अंडी फक्त सासूबाईंसाठी ठेवली, तर महाग अंडी थोडी आणि स्वस्त अंडी पुष्कळ, यांचा खर्च कदाचित सारखाच येईल. आला तर प्रश्नच मिटला. सासूबाईंच्या प्रथिनांतला थोडा भाग कडधान्यांतून भागेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर करू नका. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर पिंजऱ्यातली अंडी आणा, त्यांच्या स्वतःच्या खोक्यात ठेवा, आणि म्हातारीला मायेने खाऊ घाला. आजारी माणसाचं पोषण हीसुद्धा नीतीच आहे.

एक आठवडा कचऱ्याच्या डब्यावर कागद लावा आणि खाण्याजोगं जे जे टाकलं ते ज्याने टाकलं त्याने तिथे लिहायचं. कोणी ओरडायचं नाही, नुसतं लिहायचं. वस्तूवर ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ असं असेल तर ती चवीची आणि गुणवत्तेची तारीख आहे, त्या रात्री बारा वाजता तिचं विष होत नाही. ‘अमुक तारखेच्या आत वापरा’ असं असेल, विशेषतः मांस-मासळीवर, तर ती मात्र पाळा. आठवड्याच्या शेवटी त्या कागदावर जे दिसेल, त्यातून मोकळ्या कोंबडीची दोन-चार अंडी तरी निघतील असं मला वाटतं.

आता मुलगी. तिच्याशी बोलायचं तर रात्री सगळं आवरल्यावर गंभीर चेहऱ्याने बसवून बोलू नका, तिला वाटेल कोणी तरी गेलं. बाजारातून आल्यावर, पिशवी रिकामी करताना बोला. ‘मला परवडेनासं झालं होतं. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून मी जुन्या खोक्यात भरत होते. ते चुकलं.’ एवढंच. पुढे ‘पण’ लावू नका. ‘पण तुला काय माहीत घर कसं चालतं’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. पहिल्या दिवशी ते बोललात तर माफीचं भांडण होईल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या हातात बिलं द्या. महिन्याचे पैसे किती, त्यातले खाण्याचे किती, हे सोळाव्या वर्षी कळायला हरकत नाही. एका आठवड्याचा बाजार तिच्याकडे सोपवा. नवऱ्यालाही यात ओढा, पत्रात ते फक्त ओव्हरटाइमपुरते भेटले. मुलगी म्हणेल, तत्त्व म्हणजे तत्त्व. तेव्हा तिला सांगा की ब्रिटनमध्ये १९४४ साली स्थापन झालेली व्हीगन सोसायटी प्राणिजन्य काहीच न वापरणाऱ्या माणसांची आहे, यांच्याहून कडक कोण असणार? आणि त्यांनी आपल्या जीवनपद्धतीची जी व्याख्या केली आहे, तिच्यातही ‘जेवढं शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढं’ असे शब्द आहेत. ती उद्या स्वतःच या वाटेने निघाली तर आडवं येऊ नका, फक्त ब-१२ जीवनसत्त्वाची सोय गोळीने किंवा ते घातलेल्या खाद्यपदार्थांतून करावी लागते, एवढं बघा.

तिच्यात धग आहे, ती खोक्यापुरती वापरण्यापेक्षा मोठ्या कामाला लावता येईल. युरोपीय संघात २०१२ पासून कोंबड्यांचे साधे पिंजरे बंद झाले. मोठे, दांडी आणि घरट्याची जागा असलेले पिंजरे अजून चालतात, म्हणजे तिथेही गोष्ट अर्धीच झाली आहे. पण जी झाली ती कायद्याने झाली, आणि त्यामुळे साधं अंडं घेणाऱ्या गरीब घरातही आपोआप पोचली. कुठल्याही आईला त्यासाठी खोका बदलावा लागला नाही. तिच्या शाळेचं उपाहारगृह कुठली अंडी घेतं, हे तिने कधी विचारलंय का? लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला जो खर्च येतो तो शिक्क्याच्या कॉफीच्या एका कपाहून कमी आहे.

तुमच्यासारखी पत्रं अलीकडे बरीच येतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठीही. ज्यांना आज फुकट अन्नाच्या रांगेत उभं राहून मिळेल ते घ्यावं लागतं, त्यांनी हे सगळं खुशाल विसरावं, मिळालेलं अन्न निःशंक मनाने खावं. एकट्या राहणाऱ्यांनी मोठी पाकिटं स्वस्त पडतात या मोहात पडू नये, निम्मं टाकलं की तीच महाग पडतात. आणि ज्यांना महागाई बातमीतच दिसते, त्यांनी मात्र शिक्क्याचा माल जरूर घ्यावा, फक्त तो घेताना शेजारच्या ट्रॉलीत कोणी काय घातलंय याकडे बघू नये.

ताई, हे उत्तर छापून तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा तुम्ही बहुधा पुढचा बाजार आणायला निघालेल्या असाल. जाण्यापूर्वी तो खोका फ्रिजमधून काढा आणि ओट्यावर उघडा ठेवा. मुलगी आली की आपणहून विचारेल. ती चिडली, खोलीत जाऊन दार आपटलं, तर आपटू दे. लगेच समजूत काढायला मागे धावू नका. सासूबाईंची अंडी उकडायला ठेवा, आणि या खेपेला स्वतःसाठीही एक टाका.